टॉवर हॅम्लेट्सची मतं

लंडनला आल्यावर बँकेत खातं उघडायला मला जेवढी वणवण करावी लागली, तिच्या पाव हिश्शानेही मतदार यादीत नाव घालायला करावी लागली नाही. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा, पुराव्यासाठी नावावर बिल हवं आणि बिल नावावर यायला बँकेत खातं हवं! मतदार यादीसाठी मात्र सरकारी संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्सचा नंबर भरला, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' असं लिहिलं, आणि थोड्या दिवसांनी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं: तुमचं नाव यादीत घातलं आहे. फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "नीट वाच पुन्हा. भलत्याच लफड्यात अडकशील."

लफडं काही नव्हतं. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथल्या सगळ्या निवडणुकांत मत देता येतं, अगदी पार्लमेंटच्यासुद्धा. साम्राज्य गेलं तरी 'सगळे एकाच राजाचे प्रजाजन' ही जुनी समजूत कायद्यात तशीच राहून गेली. २०२३पासून मतदानाला फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यात राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्टही चालतात. म्हणून २०२४च्या जुलैत प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये मी टेबलामागच्या बाईंना तीन सिंहांचा पासपोर्ट दिला, त्यांनी माझ्या नावावर पट्टी धरून रेघ मारली, आणि आडोशाला जाऊन मी दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली. शाई नाही, बटण नाही, पेन्सिल! माझ्या पुढे खालाम्मा होत्या. त्यांनी ओळखपत्र म्हणून म्हाताऱ्या माणसांना मिळणारा बसचा फुकट पास दाखवला. तोही चालतो.

खालाम्मा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळच्या बांगलादेशातल्या सिलेटच्या. त्यांचं हिंदी सिरियलींमधून आलेलं आणि माझं बंगाली व्हाइटचॅपलच्या मासळीवाल्यांकडून, तेव्हा आमचं बोलणं कुठल्याच व्याकरणात बसत नाही. पण टॉवर हॅम्लेट्सच्या, म्हणजे आमच्या या पूर्व लंडनमधल्या भागाच्या, राजकारणाबद्दल मला जे थोडंफार कळलं, ते वर्तमानपत्रांइतकंच त्यांच्या स्वयंपाकघरातही कळलं.

२०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये ६.५ टक्के लोक मुसलमान आहेत. टॉवर हॅम्लेट्समध्ये हेच प्रमाण ३९.९ टक्के, म्हणजे देशातल्या कुठल्याही कौन्सिलपेक्षा जास्त, आणि त्यातले बहुतेक बांगलादेशी. त्यामुळे 'ब्रिटनमधले मुसलमान आणि राजकारण' असा विषय निघाला की टीव्हीवाले थेट आमच्या गल्लीत येतात. ब्रिक लेनवरच्या त्या इमारतीसमोर उभं राहून सांगतात की १७४३ साली हे फ्रेंच निर्वासितांचं चर्च होतं, मग सिनेगॉग झालं, १९७६पासून मशीद आहे. गोष्ट खरी आहे. फक्त ती सांगून झाली की त्यांना वाटतं आता सगळं सांगून झालं.

मला त्याआधीची एक गोष्ट जास्त जवळची वाटते. माझं माहेर दापोलीकडचं. दाभोळ, हर्णै, बाणकोट या बंदरांवरच्या मोहल्ल्यांत घरटी एखादा तरी 'बोटीवर' असायचा. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी, तांडेल, सारंग बरेचदा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान असत. खानपानाकडे गोव्याची माणसं. कलकत्त्याहून सुटणाऱ्या जहाजांच्या इंजिनखोलीत कोळसा ओढायला सिलेटचे. लंडनच्या गोदीत उतरल्यावर परतीची बोट मिळेपर्यंत या माणसांचे हाल व्हायचे, म्हणून १८५७ साली लाइमहाउसमध्ये त्यांच्यासाठी एक वसतिगृह निघालं. लाइमहाउस म्हणजे आजचं टॉवर हॅम्लेट्सच. कोकणातले बहुतेक परत गेले. सिलेटच्या काहींनी बोट सोडली, चहाची दुकानं काढली, भाऊबंदांना बोलावून घेतलं. खालाम्मांचे सासरे त्या दुसऱ्या गटातले.

या लोकांना इथे पाय ठेवल्यापासून मत होतं, ही साधी बाब पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे. जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथे १९६१च्या करारानंतर तुर्की कामगार लाखांनी गेले, कारखान्यांत राबले, पण ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलेलं नाही त्यांना आजही साधं नगरपालिकेचं मत नाही. दोन राज्यांनी द्यायचं ठरवलं होतं, ते १९९०मध्ये घटनात्मक न्यायालयाने मोडीत काढलं. तुर्की वंशाचे पहिले खासदार बुंडेस्टागमध्ये पोचायला १९९४ उजाडलं. ब्रिटनमध्ये नुकताच आलेला, इंग्रजीचा गंध नसलेला शिंपीही यादीत होता. म्हणजे त्याच्या दारावर कुणाला तरी टकटक करावीच लागणार होती.

ती टकटक व्हायला वेळ लागला मात्र. सत्तरच्या दशकात दारावर टकटक व्हायची ती दगडांची. मजूर पक्ष इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा सत्ताधारी, गोदी कामगारांचा. त्याला बंगाल्यांची मतं चालत, उमेदवार चालत नसत. कौन्सिलची घरं वाटताना बंगाली कुटुंबांना सगळ्यात पडीक इमारती यायच्या, नाहीतर अशा वस्तीत घर मिळायचं जिथे जिन्यात मारहाण ठरलेली. मग लोकांनी रिकाम्या इमारतींची कुलपं तोडून आत संसार मांडले. १९७६मध्ये या घुसखोर कुटुंबांची एक संघटनाच उभी राहिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. या समाजाचं इथलं राजकारण मशिदीत सुरू झालं नाही, ते छप्पर गळतंय आणि जिन्यात मार खावा लागतोय यातून सुरू झालं.

४ मे १९७८. त्या दिवशी कौन्सिलच्या निवडणुका होत्या आणि वंशवादी नॅशनल फ्रंटने उमेदवार उभे केले होते. संध्याकाळी अल्ताब अली हा पंचविशीतला शिवणकामगार कामावरून घरी निघाला होता. अॅडलर स्ट्रीटवर तीन पोरांनी त्याला भोसकलं. दहा दिवसांनी सुमारे ७,००० लोक त्याची शवपेटी घेऊन डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. तोवर बंगाली म्हणजे मान खाली घालून जाणारा, अशी या भागात समजूत होती. जिथे तो मारला गेला त्याला लागूनच्या बागेला १९९८पासून त्याचं नाव आहे, आणि तिथे ढाक्याच्या शहीद मिनाराची, म्हणजे बंगाली भाषेसाठी प्राण दिलेल्यांच्या स्मारकाची, लहान प्रतिकृतीही आहे. एकवीस फेब्रुवारीला मध्यरात्री तिथे फुलं वाहायला एवढी गर्दी होते की बोटं गारठतात तरी आपली पाळी येत नाही. १९८२मध्ये पहिले बंगाली नगरसेवक निवडून आले. त्यातला एक मजूर पक्षाला बाजूला सारून, अपक्ष म्हणून.

खालाम्मांचं पहिलं मत त्यानंतरचं. नाव यादीत असूनही बरीच वर्षं त्यांनी मत दिलंच नव्हतं, "ते तुझे खालू देऊन यायचे ना." सप्टेंबर १९९३मध्ये आयल ऑफ डॉग्जमधल्या मिलवॉल प्रभागात पोटनिवडणूक झाली आणि वंशवादी ब्रिटिश नॅशनल पार्टीचा डेरेक बीकन सात मतांनी निवडून आला. सात! (मी नोकरी करते ते कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे त्याच आयल ऑफ डॉग्जवर आहेत. आमच्या ऑफिसात हे कुणाला ठाऊक नाही.) पुढच्या मे महिन्यात पुन्हा निवडणूक होती. बंगाली बायका दहशतीने घराबाहेर पडत नव्हत्या, तेव्हा वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांनी गट करून त्यांना सोबत दिली, मतदान केंद्रापर्यंत नेलं आणि घरी सोडलं. खालाम्मांना घ्यायला आलेली एक गोरी बाई होती आणि एक काळी. "मी म्हटलं, साडी बदलून येते. त्या म्हणाल्या, नको, आहे तशीच चल, नंतर गर्दी होईल. हातांना हळद तशीच." बीकन पडला. त्याची मतं कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. पण त्याच्याविरुद्ध मत द्यायला या खेपेला कितीतरी जास्त माणसं बाहेर पडली.

इथवर हे लोक 'बंगाली' होते. सरकारदरबारी, वर्तमानपत्रात, शिव्यांतही. 'मुस्लिम मतदार' हा शब्दप्रयोग नंतरचा. ब्रिटनच्या जनगणनेत धर्म विचारायला लागले तेच २००१पासून. त्यानंतर दोन वर्षांत इराकचं युद्ध. २००५मध्ये जॉर्ज गॅलोवे नावाचा बाहेरून आलेला स्कॉटिश पुढारी आमच्या भागातल्या बेथनल ग्रीन मतदारसंघात उभा राहिला आणि युद्धाच्या बाजूने असलेल्या मजूर पक्षाच्या खासदार ऊना किंग यांना ८२३ मतांनी पाडून गेला. तेव्हापासून आमच्या भागावर 'मुस्लिम गठ्ठा मतदान' हा शिक्का बसला.

गठ्ठा मतदान म्हटलं की आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपण त्यावरच वाढलो. पण हा शिक्का मारणाऱ्यांनी २०१०ची बेथनल ग्रीनची मतपत्रिका बघावी. मजूर पक्षाच्या रुशनारा अली, लिबरल डेमोक्रॅट अजमल मसरूर, गॅलोवेच्या रिस्पेक्ट पक्षाचा उमेदवार, हुजूर पक्षाचा उमेदवार, चौघंही बांगलादेशी वंशाची. घराघरांत भांडणं. रुशनारा ११ हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या. सिलेटमध्ये जन्मलेली, सात वर्षांची असताना इथे आलेली मुलगी. शबाना महमूद आणि यास्मिन कुरेशी याही त्याच वर्षी निवडून आल्या. पार्लमेंटमधल्या या पहिल्या मुसलमान स्त्रिया. खालाम्मांनी तेव्हा मिठाई वाटली होती.

(याच भागातून आशियाई माणूस पार्लमेंटमध्ये जायची ही पहिली वेळ नव्हती, हे आपल्याकडेही फारसं कुणी सांगत नाही. १८९५मध्ये बेथनल ग्रीन ईशान्य मतदारसंघातून मुंबईचे पारशी मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे निवडून आले आणि १९०६पर्यंत राहिले. इंग्रजी राज्याचे पक्के समर्थक. दादाभाईंचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. तेव्हा मतदार सगळे गोरे कामकरी होते आणि त्यांनी 'आपला माणूस' म्हणून एका मुंबईकराला निवडलं.)

मग लुत्फुर रहमान. यांच्याबद्दल मध्यममार्गी मत असलेला माणूस मला टॉवर हॅम्लेट्समध्ये अजून भेटलेला नाही. मजूर पक्षाने २०१०मध्ये महापौरपदाची उमेदवारी दिली आणि मग काढून घेतली, तेव्हा अपक्ष उभे राहून जिंकले. २०१४ला पुन्हा जिंकले. चार मतदारांनी निवडणूक न्यायालयात धाव घेतली आणि एप्रिल २०१५मध्ये रिचर्ड मॉरी या न्यायाधीशांनी निवडणूक रद्द केली, पाच वर्षं उभं राहायला बंदी घातली. टपाली मतांतले गैरप्रकार, अनुदानांची खिरापत, प्रतिस्पर्ध्यावर वंशवादाचा खोटा आरोप, यादी लांबलचक होती. फौजदारी खटला त्यांच्यावर कधी चालला नाही, पण निकालपत्र वाचल्यावर 'काहीच घडलं नव्हतं' असं म्हणायला तोंड राहत नाही. माझं तरी राहिलं नाही.

त्या निकालातलं एक कलम मात्र माझ्या घशाखाली उतरलं नाही: 'गैरवाजवी आध्यात्मिक दबाव'. १०१ इमामांनी सह्या करून रहमान यांना मत द्या असं पत्रक एका बंगाली साप्ताहिकात छापलं होतं, त्यावर हा ठपका. हे कलम आलं कुठून, तर एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमधून. १८९२मध्ये तिथल्या मीथ परगण्यातली निवडणूक, कॅथलिक बिशपने धमकावलं म्हणून, याच कारणाने रद्द झाली होती. न्यायाधीशांचं म्हणणं असं की सुशिक्षित, राजकारण कळणारा समाज वेगळा, आणि परंपरेत राहणारा, अधिकाराला मानणारा समाज वेगळा. दोघांना एकच माप लावता येत नाही. मी हे खालाम्मांना जमेल तसं सांगितलं. त्या मिरच्यांचे देठ काढत होत्या. म्हणाल्या, "इमामांचं ऐकायचं असतं तर मी सिरियली बघितल्या असत्या का?"

रहमान २०२२मध्ये अॅस्पायर नावाच्या पक्षातर्फे परत आले. ४५पैकी २४ जागा त्या पक्षाला आणि महापौर स्वतः. बाहेरच्यांना धक्का बसला. आत राहणाऱ्यांना कारणं दिसत होती: आधीच्या मजूर पक्षाच्या महापौरांनी रस्ते अडवायला खांब ठोकले होते, त्याने मिनीकॅब चालवणारी निम्मी वस्ती वैतागली होती. २०२३पासून कौन्सिलने माध्यमिक शाळेतल्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत केलं. खालाम्मांच्या दोन नातवांचा डबा सुटला. दुसऱ्या बाजूला, निवडून आल्यावर नेमलेल्या कॅबिनेटमध्ये एकही बाई नव्हती आणि २०२४च्या अखेरीस कारभार नीट नाही म्हणून सरकारने कौन्सिलवर देखरेखीला माणसं पाठवायचं ठरवलं. दोन्ही खरं. खालाम्मांची नात, जी कायद्याचा अभ्यास करते, तिच्याशी या विषयावर बोलायला गेलं तर दोन तास हाताशी ठेवावे लागतात.

लंडनमधल्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी आहे. तिथे निवडणूक आली की 'लंडनस्तान'चे फॉरवर्ड सुरू होतात, लंडनचे मुसलमान महापौर सादिक खान यांच्या फोटोसकट. एकदा मी विचारलं, २०२४मध्ये देशभर हुजूर पक्षाचं पानिपत होत असताना हॅरो ईस्टमध्ये त्यांना निम्म्याहून जास्त मतं कशी मिळाली? लेस्टर ईस्ट ही एकच जागा त्यांनी मजूर पक्षाकडून खेचून कशी घेतली? दोन्ही ठिकाणी हिंदू मतदार मोठ्या संख्येने. एका काकांचं उत्तर आलं, "तो जागरूक मतदार आहे." मग लगेच कुणीतरी दिवाळी फराळाच्या ऑर्डरचा मेसेज टाकला.

आता २०२४च्या त्या जुलैकडे येते. नोव्हेंबर २०२३मध्ये पार्लमेंटात गाझातल्या युद्धबंदीच्या मागणीवर मतदान झालं तेव्हा रुशनारा अली तटस्थ राहिल्या. पक्षाचा आदेश होता. त्यांना तो महागात पडला. २०१९मध्ये त्यांचं मताधिक्य ३७,५२४ होतं. २०२४मध्ये ते १,६८९ उरलं. हद्दी थोड्या बदलल्या होत्या हे खरं, पण एवढी घसरण हद्दींनी होत नसते. दुसऱ्या क्रमांकावर कोण, तर अजमल मसरूर, २०१०मध्ये लिबरल डेमोक्रॅट असलेले, आता अपक्ष. चौदा वर्षांनी तीच दोन माणसं समोरासमोर.

त्या रात्री देशभर असंच चाललं होतं. लेस्टर साउथमध्ये शौकत अॅडम यांनी मजूर पक्षाच्या बड्या नेत्याला ९७९ मतांनी हरवलं. ब्लॅकबर्नमध्ये अदनान हुसेन १३२ मतांनी आले. इलफर्ड नॉर्थमध्ये निवडणुकीनंतर आरोग्यमंत्री झालेले वेस स्ट्रीटिंग एका तेवीस वर्षांच्या पॅलेस्टिनी वंशाच्या मुलीसमोर ५२८ मतांनी कसेबसे वाचले. बर्मिंगहॅमच्या पेरी बारमध्ये आयूब खान यांनी खालिद महमूद यांना पाडलं, म्हणजे मुसलमानाने मुसलमानाला, तेही वीस वर्षांहून जास्त खासदार असलेल्याला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून 'धर्माचं राजकारण' अशी ओरड झाली. मला त्यात दुसरंच दिसत होतं. २०१०मध्ये मिठाई वाटणाऱ्या बाईने २०२४मध्ये त्याच खासदाराविरुद्ध मत दिलं, आपली सिलेटची मुलगी, आपल्या धर्माची, हे सगळं माहीत असताना. त्यांच्या मुलाने रुशनारांनाच दिलं, सरकारात आपलं माणूस असलेलं बरं म्हणून. नातीने ग्रीन पार्टीला दिलं. एका घरात तीन मतं तीन दिशांना. याला गठ्ठा म्हणायचं तर गठ्ठ्याची दोरी कुठे आहे ते कुणीतरी दाखवावं.

रुशनारा पुढे बेघरांच्या खात्याच्या राज्यमंत्री झाल्या आणि ऑगस्ट २०२५मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. कारण गाझा नव्हतं, इमाम नव्हते. स्वतःच्या घरातल्या भाडेकरूंना बाहेर काढून तेच घर जास्त भाड्याने लावलं, हे. घरं आणि भाडी. खालाम्मा म्हणाल्या, "बघ, शेवटी घरावरच आलं."

व्हाइटचॅपल स्टेशनवर २०२२पासून बंगालीतही पाटी आहे. २०२५च्या फेब्रुवारीत एका खासदाराला ती खुपली, पाटी फक्त इंग्रजीतच हवी असं त्याने लिहिलं आणि इलॉन मस्कने त्याखाली "हो" असं लिहून दुजोरा दिला. मुंबईतल्या दुकानांच्या मराठी पाट्यांवरून झालेले वाद आठवून मला हसू आलं. आमच्याकडे पाटी लावायला भांडायचं, इथे लावलेली राहू दे म्हणून.

गेल्या निवडणुकीच्या धामधुमीत एका पक्षाचे कार्यकर्ते आमच्या जिन्यात आले. छातीवर रंगीत फिती, हातात इंग्रजी-बंगाली पत्रकं. खालाम्मांचं दार नातीने उघडलं. मी वरून कचऱ्याची पिशवी घेऊन उतरत होते, ती हातात तशीच धरून जिन्यातच थांबले. तिने पत्रक उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या यादीत बायका किती?"

पुढचा माणूस पन्नाशीचा, सभ्य चेहऱ्याचा. तो गोड हसला. "अब्बू घरी आहेत का?"

"आहेत," ती म्हणाली. "पण ते तुमच्या पक्षाला मत देत नाहीत. आम्मा देते का बघा, विचारा. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर आधी."

आतून खालाम्मांचा आवाज आला, कोण आहे म्हणून. नातीने सिलेटीत काहीतरी लांबलचक सांगितलं, मला त्यातलं फक्त 'बेटी मानुष' आणि 'जिगाइसि' एवढंच कळलं. खालाम्मा पदर सारखा करत बाहेर आल्या, चष्मा लावून पत्रकातले फोटो बोटाने एकेक मोजायला लागल्या. तो माणूस घड्याळाकडे बघत होता. त्याला अजून तीन मजले करायचे होते आणि लिफ्ट बंद होती.